ब्रुकलिन टेक: महापालिकेच्या शाळेत पंधराव्या वर्षी निवडायचे 'मेजर'

पाऊलखुणा

नमस्कार. दहावीनंतरच्या शाखानिवडीवर इथे चर्चा चालू होती, तेव्हा मी ओझरता उल्लेख केला होता की आमची मुलगी न्यूयॉर्कमधल्या ज्या सरकारी शाळेत शिकते, तिथे प्रत्येक मुलाला अकरावीत जाताना एक व्यवसायक्षेत्र, ज्याला तिथे 'मेजर' म्हणतात, निवडावे लागते. त्यावर काही जणांनी सविस्तर लिहायला सांगितले, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे.

शाळेचे नाव ब्रुकलिन टेक्निकल हायस्कूल. बोलताना सगळे ब्रुकलिन टेक किंवा नुसते टेक म्हणतात. शाळा शहराच्या शिक्षण खात्याची आहे, म्हणजे आपल्या भाषेत महापालिकेची शाळा, आणि तिला फी नाही. नववी ते बारावी एवढ्याच इयत्ता असूनही पटावर साडेपाच ते सहा हजार मुले आहेत. फोर्ट ग्रीन पार्कच्या समोर तिची उंच, जुनी, विटांची इमारत अर्ध्याहून अधिक ब्लॉक व्यापून उभी आहे आणि तिच्या सभागृहात तीन हजारांहून जास्त माणसे बसतात. पहिल्या पालकसभेला मी त्या सभागृहात गेले तेव्हा आपल्या मुलीला इथे कोण ओळखणार, हीच काळजी मनात घेऊन घरी आले होते. त्या काळजीचे उत्तर मला दोन वर्षांनी मेजरच्या व्यवस्थेतच मिळाले, त्याबद्दल पुढे लिहिते.

शाळेची कल्पना अल्बर्ट कोल्स्टन या गणिताच्या शिक्षकाची. ते ब्रुकलिनच्याच मॅन्युअल ट्रेनिंग हायस्कूलमध्ये गणित विभागाचे प्रमुख होते. ज्यांना अभियांत्रिकीकडे जायचे आहे अशा मुलांसाठी एक वेगळे, भक्कम हायस्कूल असावे, असा प्रस्ताव त्यांनी १९१८ मध्ये मांडला आणि १९२२ मध्ये गोदामासाठी बांधलेल्या एका इमारतीत शाळा सुरू झाली. आजच्या इमारतीत ती १९३३ मध्ये आली. मुलींना मात्र १९७० पर्यंत प्रवेश नव्हता. मी स्वतः महाराष्ट्रातल्या एका शासकीय तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली आहे. आमच्या वर्गात आम्ही दोनच मुली होतो आणि वर्कशॉपच्या पहिल्या दिवशी "तुम्ही बसून राहिलात तरी चालेल" असे आम्हाला सांगण्यात आले होते. त्यामुळे १९७० हे साल मला विसरता येत नाही.

जुन्या काळी या शाळेच्या सातव्या मजल्यावर फाउंड्री म्हणजे ओतशाळा होती. शाळेच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर, वाळू पसरलेली जमीन आणि धातू वितळवायच्या भट्ट्या! मुले आधी ड्रॉइंग काढत, त्यावरून लाकडाचा पॅटर्न (नमुना) तयार करत, त्या पॅटर्नने वाळूत साचा उठवत, त्यात धातू ओतत आणि थंड झालेला तुकडा मशीन शॉपमध्ये नेऊन मापात आणत. कागदावरच्या रेषेपासून हातातल्या धातूच्या तुकड्यापर्यंतचा सगळा प्रवास एकाच छताखाली होत असे. आमच्या तंत्रनिकेतनात सुतारशाळा, फाउंड्री आणि फिटिंग ही तीन वेगवेगळ्या सत्रांतली, एकमेकांशी ओळख नसलेली कामे होती. सुतारशाळेत केलेल्या सांध्याचा फाउंड्रीशी काय संबंध, हे आम्हाला कोणी सांगितले नाही, आणि ड्रॉइंगच्या तासाला तर आम्ही शेजारणीच्या शीटवरून रेषा उतरवून घेत असू.

आज ती ओतशाळा चालत नाही, पण सुरुवातीच्या वर्षांत सर्वांना डिझाइन आणि रेखनाचा म्हणजे ड्रॉइंगचा विषय असतो. पुढे वकील व्हायचे असो की डॉक्टर, वस्तू तीन बाजूंनी पाहायची, मोजायची, कागदावर आणि संगणकावर काढायची, हे प्रत्येकाला शिकावे लागते. आमच्या मुलीने त्या वर्षी घरातल्या प्रेशर कुकरची शिट्टी मोजायला घेतली होती. व्हर्नियर कॅलिपर हे बारीक मापे घ्यायचे साधन लावून बाहेरचा व्यास, आतल्या भोकाचा व्यास, वरच्या बोंडाची गोलाई, असे एकेक माप ती वहीत टिपत होती. आतला निमुळता भाग काही केल्या मोजता येईना, तेव्हा तिने कणकेचा गोळा आत दाबून त्याचा ठसा काढला आणि तो ठसा मोजला. कणकेचा ठसा दाबला जातो, म्हणून माप दोनदा चुकले. तिसऱ्या वेळी तिने तो ठसा आधी फ्रीजमध्ये ठेवून घट्ट केला. हे तिला कोणी शिकवले नव्हते, पण मोजल्याशिवाय काढता येणार नाही, हे मात्र शिकवले होते.

आता मेजरविषयी. दहावीच्या वर्षात मुले मेजरांचा पसंतिक्रम देतात आणि तोवरचे गुण पाहून जागा मिळते. सुमारे दीड डझन पर्याय आहेत. एअरोस्पेस, सिव्हिल, मेकॅट्रॉनिक्स, सॉफ्टवेअर आणि वास्तुकला तर आहेतच, शिवाय जीवशास्त्र, रसायनशास्त्र, पर्यावरण, औद्योगिक डिझाइन, माध्यमे, 'कायदा आणि समाज' असेही आहेत. अकरावी-बारावीत दिवसाचे काही तास मेजरचे असतात. बाकी इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास हे विषय सर्वांना सारखे असतात आणि न्यूयॉर्क राज्याच्या रीजंट्स परीक्षाही सगळ्यांना द्याव्या लागतात. म्हणजे मेजर घेतल्याने मुलाचे गणित सुटत नाही आणि इतिहासही सुटत नाही. कॉलेजमध्ये कुठलाही वेगळा विषय घ्यायला पूर्ण मोकळीक असते.

माझ्या काळजीचे उत्तर इथे मिळाले, असे म्हटले ते यासाठी की सहा हजारांच्या गर्दीत हरवलेली मुलगी अकरावीत एका मेजरची झाली. रोजच्या वर्गात तीच मुले, तेच दोन-तीन शिक्षक आणि तीच प्रयोगशाळा. तिच्या बोलण्यात "आमच्या शाळेत" याऐवजी "आमच्या मेजरमध्ये" असे येऊ लागले. भारतातल्या नातेवाइकांनी मात्र "टेक्निकल म्हणजे आयटीआय का?" असे विचारले, आणि त्या प्रश्नातला सूर मला फार लागला. आयटीआय असती तरी त्यात वाईट काय होते, हा प्रश्न मला या धाग्यावरही विचारायचा आहे.

पाटीपेन्सिल

पाऊलखुणा, मनापासून धन्यवाद. कणकेच्या ठशाचा प्रसंग मी उद्या वर्गात सांगणार आहे. मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो.

तरीही एक शंका मांडतो. पंधराव्या वर्षी मुलाला आपला कल कळतो, असे आपण कशावरून धरायचे? आमच्याकडे दहावीच्या निकालानंतर जे होते ते मी दरवर्षी पाहतो. गुण जास्त म्हणून विज्ञान, मध्यम म्हणून वाणिज्य, कमी म्हणून कला, आणि त्याहूनही कमी असतील तर "आयटीआयला टाका". 'टाका' हे क्रियापद पालक वापरतात, मुलाच्या समोर वापरतात. जिथे निवड गुणांवर ठरते, तिथे मुलाच्या आवडीला, कलाला वाव राहतो का? टेकमध्येही मेजर गुण पाहूनच मिळते, असे तुम्ही लिहिले आहे. मग मागणी असलेले मेजर हुशार मुलांना आणि उरलेले बाकीच्यांना, असेच तिथेही होत नाही का?

पाऊलखुणा

पाटीपेन्सिल, तुमची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर पूर्णपणे समाधानकारक नाही. मागणी असलेल्या मेजरांसाठी चुरस होते आणि मुलांना त्याचा ताण येतो, हे मी घरात पाहिले आहे. फरक इतकाच की दुसऱ्या किंवा तिसऱ्या पसंतीचे मेजर मिळाले तरी पुढचे दार बंद होत नाही, कारण शेवटी सगळ्यांचे प्रमाणपत्र एकच असते आणि कॉलेज प्रवेशाला सगळे सारखेच पात्र असतात. आपल्याकडे कला शाखा घेतलेल्या मुलाला नंतर अभियांत्रिकीकडे सहसा वळता येत नाही.

आर्नो पेन्झियास यांचे उदाहरण मला नेहमी आठवते. त्यांचे ज्यू कुटुंब नाझी जर्मनीतून जीव वाचवून न्यूयॉर्कला आले. पेन्झियास १९५१ मध्ये टेकमधून बाहेर पडले आणि शहराच्याच सिटी कॉलेजमध्ये रसायनशास्त्रासाठी गेले. तिथे त्यांनी विषय बदलला आणि भौतिकशास्त्राची पदवी घेतली. पुढे विश्वाच्या पार्श्वभूमीवरच्या सूक्ष्मलहरींच्या प्रारणाच्या शोधासाठी १९७८ मध्ये त्यांना रॉबर्ट विल्सन यांच्याबरोबर भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. तो शोध त्यांना लागला तो अँटेनातला न हटणारा आवाज शोधताना. त्यांनी अँटेनाचा एकेक भाग तपासला, त्यात कबुतरांनी केलेली घाणसुद्धा स्वतः साफ केली आणि तरी आवाज राहिला, तेव्हा तो बाहेरून, अवकाशातून येतो हे मान्य केले. ती चिकाटी त्यांना शाळेने दिली, असा दावा मी करणार नाही. पण आधी उपकरण तपासून पाहायचे ही सवय मला माझ्या मुलीतही दिसते आणि ती सवय कुठल्याही मेजरमध्ये लागू शकते.

सोनचाफा

द्विलक्षी अभ्यासक्रमाची आठवण इथे कोणालाच कशी झाली नाही? महाराष्ट्रात अकरावी-बारावीला दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सोडून दोनशे गुणांचा व्यवसाय विषय घेता येत असे, आजही येतो. इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र, विद्युत देखभाल, इतकेच काय, स्कूटर आणि मोटारसायकल सर्व्हिसिंगसुद्धा त्यात आहे. त्याखेरीज १९८८ च्या सुमारास एमसीव्हीसी म्हणजे किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम आला. म्हणजे मूळ कल्पना आपल्याकडे नव्हती असे नाही, ती होती आणि चांगली होती.

मी स्वतः बारावीला इलेक्ट्रॉनिक्स घेतले होते. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात, त्याचे नाव घेत नाही, दोन वर्षांत ऑसिलोस्कोप (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारे उपकरण) एकदाच कपाटातून बाहेर निघाला आणि तोही परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, झाकणावरची धूळ पुसण्यासाठी. जर्नल मात्र सगळ्यांचे पूर्ण होते. मागच्या वर्षीच्या मुलांचे जर्नल घ्यायचे, निरीक्षणांच्या तक्त्यातले आकडे थोडे इकडेतिकडे करायचे आणि सही घ्यायची. ज्याने खरोखर जोडणी केली असती, त्याचे आकडे आलेखावर सरळ रेषेत बसले नसते आणि त्याचे गुण कापले गेले असते. आमच्यापैकी बहुतेकांनी तो विषय घेतला तो जीवशास्त्र टळते आणि प्रात्यक्षिकाचे गुण हमखास मिळतात म्हणून. आज मी वीज उपकरणांच्या दुरुस्तीचाच व्यवसाय करतो आणि सोल्डरिंग मला वयाच्या सव्विसाव्या वर्षी, दुकानातल्या एका दहावी नापास मुलाने शिकवले. कोरडा, म्हणजे नीट न जुळलेला सांधा कसा दिसतो, चकाकी गेलेला, वर दाणेदार झालेला, हे त्याने मला भिंगाखाली धरून दाखवले. दोनशे गुणांच्या विषयात ते मला कोणी दाखवले नव्हते, आणि त्या दोन वर्षांचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून पाऊलखुणा यांना विचारावेसे वाटते, की एवढ्या मोठ्या शाळेत प्रत्येक मुलाच्या हाती खरोखर उपकरण येते का?

पाऊलखुणा

सोनचाफा, तुमचा प्रतिसाद वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. आमच्या तंत्रनिकेतनातही जर्नलची तीच रीत होती.

मुलांच्या हाती उपकरणे येतात, हे मी मुलीच्या अनुभवावरून सांगते. दोघा-तिघांत एक संच असतो आणि काम गटाने करायचे असते. यामागे पैसा आहे, हेही सांगायला हवे. टेकच्या माजी विद्यार्थ्यांची एक मोठी संस्था आहे, ती प्रयोगशाळांसाठी सातत्याने निधी उभारते. बार्न्स अँड नोबल ही पुस्तकांच्या दुकानांची साखळी उभी करणारे लेनर्ड रिजिओ आणि कॉम्प्युटर असोसिएट्सचे संस्थापक चार्ल्स वँग हे दोघेही इथलेच विद्यार्थी. शहरातल्या प्रत्येक शाळेला असे माजी विद्यार्थी मिळत नाहीत, त्यामुळे टेककडे पाहून सगळ्या अमेरिकन सरकारी शाळा अशाच असतील असे कोणी समजू नये.

हडसनकाठ

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो आणि मुलगा सातवीत आहे. त्याला टेकमध्ये पाठवता येईल का? रोजचा रेल्वेप्रवास करायची त्याची तयारी आहे.

पाऊलखुणा

हडसनकाठ, नाही. न्यूयॉर्क शहराच्या पाच बरोंपैकी म्हणजे विभागांपैकी कुठेतरी राहणाऱ्या मुलांनाच हा प्रवेश आहे. पण तुम्हाला दूर पाहायची गरजही नाही. न्यू जर्सीत काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या पातळीवर व्यवसाय-तंत्र शिक्षणाची सरकारी शाळाव्यवस्था आहे आणि तिच्याच अखत्यारीत विषयकेंद्री अकादमी चालतात. तुमच्या मिडलसेक्स काउंटीत एडिसन अकादमी मॅग्नेट स्कूल अभियांत्रिकीसाठी आहे आणि वुडब्रिज अकादमी आरोग्यविज्ञानासाठी. मॉनमथ काउंटीत हाय टेक्नॉलॉजी हायस्कूल आणि बायोटेक्नॉलॉजी हायस्कूल आहेत, बर्गन काउंटीत हॅकेन्सॅकला बर्गन काउंटी अकादमीज आहे, मात्र या शाळा त्या त्या काउंटीतल्या रहिवाशांसाठीच आहेत. आठवीत असताना अर्ज करावा लागतो, म्हणून सातवीच्या शेवटापासूनच काउंटीच्या संकेतस्थळावरच्या तारखांकडे लक्ष ठेवा. या अकादमी टेकच्या मानाने फार लहान आहेत, त्यामुळे मुलाला मोठ्या शाळेतले संघ आणि वाद्यवृंद हवे असतील तर तेही तपासून पाहा.

उंबरठा

प्रवेशाविषयी एक गोष्ट इथे यायला हवी असे मला वाटते. टेकमध्ये प्रवेश एकाच लेखी परीक्षेवर ठरतो. आठवीच्या शरद ऋतूत इंग्रजी आणि गणिताची तीन तासांची परीक्षा असते. शाळेतले गुण, शिक्षकांची शिफारस, मुलाची परिस्थिती, यांपैकी काहीही पाहिले जात नाही. दरवर्षी पंचवीस हजारांच्या वर मुले बसतात आणि या परीक्षेवर प्रवेश देणाऱ्या आठ शाळांत मिळून सुमारे चार हजारांना जागा मिळते. टेक, स्टायव्हसंट आणि ब्राँक्स सायन्स या तीन शाळांसाठी ही परीक्षा १९७१ च्या राज्याच्या कायद्यातच लिहिलेली आहे, त्यामुळे महापौरालाही ती परस्पर रद्द करता येत नाही. तेव्हाचे महापौर बिल डी ब्लासिओ यांनी २०१८ मध्ये ती काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला होता, पण तो विधिमंडळात मंजूर झाला नाही.

त्याचा परिणाम असा की शहराच्या शाळांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुले दोन तृतीयांशांच्या आसपास असताना या आठ शाळांतल्या जागांपैकी जेमतेम दहा टक्के जागा त्यांच्या वाट्याला येतात. ब्रुकलिनमध्ये, जिथे कृष्णवर्णीयांची वस्ती इतकी मोठी आहे तिथेच ही शाळा उभी आहे, हे विसरून तिचे कौतुक करता येणार नाही. आपल्या मुलांना आपण सहावीपासून क्लासला घालतो. माझ्या मुलालाही घातले होते, आणि ते चुकीचे केले असे मी म्हणत नाही. पण ज्या मुलाला अशी परीक्षा असते हेच आठवीत कळते, त्याच्याशी ती स्पर्धा बरोबरीची नसते.

पाऊलखुणा

उंबरठा, तुमचे म्हणणे मला मान्य आहे आणि मूळ लेखात मी ते लिहायला हवे होते. त्याला जोडून दोनच गोष्टी सांगते. टेकमधली निम्म्याहून अधिक मुले कमी उत्पन्नाच्या घरांतली आहेत. माझ्या मुलीच्या गटातल्या एकीचे वडील टॅक्सी चालवतात, एकाची आई हॉटेलात खोल्या आवरते, आणि या घरांनी पोटाला चिमटा काढून परीक्षेची तयारी करून घेतली. त्यामुळे परीक्षा काढली तर त्यांचे काय, हा प्रश्न ती माणसे कळवळून विचारतात. दुसरे म्हणजे डिस्कव्हरी नावाची एक योजना आहे. थोड्या गुणांनी हुकलेल्या, गरीब घरांतल्या मुलांना उन्हाळ्यात शिकवून प्रवेश देतात आणि २०१८ नंतर त्या जागा वाढवल्या. तेवढ्याने प्रश्न सुटलेला नाही, हे तुम्ही दिलेल्या प्रमाणावरूनच दिसते.

ताळेबंद

चर्चा चांगली चालली आहे. मी शिक्षणाच्या अर्थशास्त्रावर काम करतो, म्हणून एक वेगळा मुद्दा मांडतो. व्यवसायक्षेत्र जोडल्याने मुलांचा फायदा होतो का, हे टेककडे पाहून ठरवता येणार नाही, कारण तिथे आधीच निवडलेली मुले येतात. ती कुठेही चमकली असती.

याचे उत्तर शोधायला दुसरीकडे पाहावे लागते. अमेरिकेत 'करिअर अकादमी' हा प्रकार १९६९ मध्ये फिलाडेल्फियात सुरू झाला. तिथल्या एडिसन हायस्कूलमध्ये, शाळा सोडून जाणाऱ्या मुलांसाठी, शहराच्या वीज कंपनीच्या मदतीने विजेच्या कामाची अकादमी उघडली. मोठ्या, सर्वसाधारण हायस्कूलच्या पोटात दीड-दोनशे मुलांचा एक गट करायचा, त्यांना तीन-चार वर्षे तेच शिक्षक द्यायचे, सगळ्या विषयांना एका व्यवसायाचा धागा द्यायचा आणि परिसरातल्या उद्योगांना जोडून घ्यायचे, ही तिची रचना. पुढे एमडीआरसी या संशोधन संस्थेने नऊ शाळांतल्या अकादमींचा दीर्घ अभ्यास केला. जागांपेक्षा अर्ज जास्त होते, त्यामुळे प्रवेश चिठ्ठ्या टाकल्यासारखा दिला गेला. नाव लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना त्यामुळेच भरवशाची ठरते. २००८ मध्ये शेवटचा अहवाल आला. हायस्कूल संपल्यावर आठ वर्षांनी, अकादमीत गेलेल्यांची कमाई सरासरी अकरा टक्क्यांनी जास्त होती. हा लाभ मुख्यतः मुलग्यांना झाला. पुढच्या शिक्षणात मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता, म्हणजे अकादमीत गेल्याने कॉलेज वाढले नाही, तसेच कमीही झाले नाही.

मला यातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. व्यवसायाचा विषय घेतला की मुलगा पुढे शिकणार नाही, ही आपल्या पालकांची सगळ्यात मोठी भीती, आणि इतक्या काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासात ती खरी ठरली नाही. पाऊलखुणा यांनी "आमच्या मेजरमध्ये" या बोलण्याचा जो उल्लेख केला, तो मला म्हणूनच मोलाचा वाटला. मुलगा कोणत्या क्षेत्रात आहे यापेक्षा तो एका ओळखीच्या गटात आहे, यातून बराचसा परिणाम येत असावा, असे माझे मत आहे.

पंखपाना

मी विमानांच्या देखभालीत काम करतो, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहतो, आणि शिक्षण औरंगाबादच्या आयटीआयमधले आहे. त्यामुळे "आयटीआय का?" या प्रश्नाला उत्तर देण्याचा अधिकार मला आहे, असे समजतो.

टेकखेरीज आणखी एका शाळेचे नाव इथल्या पालकांना माहीत असायला हवे. ती म्हणजे लाँग आयलंड सिटीतले एव्हिएशन हायस्कूल. तीही शहराचीच सरकारी शाळा आहे, सुमारे दोन हजार मुले आहेत आणि तिथे टेकची ती लेखी परीक्षा लागत नाही. शाळेच्या आवारात हँगर म्हणजे विमाने ठेवायची मोठी शेड आहे आणि त्यात खरी विमाने आहेत. नेहमीच्या विषयांबरोबर विमानदुरुस्तीचा अभ्यासक्रम चालतो आणि तो संघराज्याच्या विमान वाहतूक प्रशासनाने मान्य केलेला आहे. मुले एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा) किंवा पॉवरप्लांट (इंजिन) यांपैकी एका परवान्याची तयारी करून बाहेर पडतात, आणि ज्यांना दोन्ही हवेत ती आणखी एक वर्ष थांबतात. परवान्यासाठी वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात.

आमच्याकडे कामाला येणारी त्या शाळेची मुले मी पाहतो. पहिल्या दिवशी मी नव्या मुलाला सेफ्टी वायर बांधायला देतो. इंजिनाच्या हादऱ्यांनी बोल्ट सैल होऊ नये म्हणून दोन बोल्टांच्या डोक्यांतल्या भोकांतून बारीक तार ओवून, तिला पीळ देऊन बांधतात. ताण नेहमी बोल्ट घट्ट होण्याच्या दिशेने यायला हवा. उलट्या बाजूने ओवली तर तार दिसायला तितकीच सुबक दिसते, पण बोल्ट सुटताना ती त्याला अडवत नाही. पीळ कमी दिला तर तार घासते आणि जास्त दिला तर ती कडक होऊन तुटते. त्या शाळेतून आलेला मुलगा तार ओवण्याआधी बोल्टाच्या डोक्यावर बोट ठेवून हवेत घट्ट होण्याची दिशा फिरवून बघतो आणि मगच ओवतो. मला आयटीआयमध्ये आमच्या निदेशकांनी हेच सांगितले होते, "आधी बोट फिरव." त्या माणसाने मला जे दिले त्यावर माझे घर चालले, दोन मुले शिकली आणि रोज शेकडो प्रवासी सुखरूप उतरतात. 'टाका' हा शब्द वापरणाऱ्या पालकांना पाटीपेन्सिल यांनी हे जरूर सांगावे.

पाटीपेन्सिल

पंखपाना, तुमचा प्रतिसाद मी छापून शिक्षकांच्या खोलीत लावणार आहे. तुमची हरकत नसेल तर पालकसभेतही वाचून दाखवीन.

माझी शंका आता थोडी बदलली आहे. पंधराव्या वर्षी निवड करणे घातक आहे, असे मी धरून चाललो होतो. पण आमच्या मुलांची निवडही पंधराव्या वर्षीच होते, फक्त ती एकदाच होते आणि परतीची वाट नसते, हे या चर्चेतून माझ्या लक्षात आले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावीपासून व्यवसाय शिक्षणाची ओळख करून द्यावी असे म्हटले आहे. आमच्याकडे वर्कशॉप नाही आणि लवकर होण्याची शक्यताही नाही. परंतु पट्टी, कंपास आणि कागद आहे, आणि गावात एक सुतार आणि एक वेल्डर असे दोघे जण आहेत, जे बोलावले तर येतील.

पाऊलखुणा, तुमच्या मुलीच्या पहिल्या वर्षाच्या रेखनाचे चार-पाच सराव इथे देता येतील का? आठवीच्या मुलांना देऊन पाहीन.

पाऊलखुणा

पाटीपेन्सिल, अवश्य. तिच्या वहीतले पहिले पाच सराव आज रात्री मी मिलिमीटरमध्ये बदलून पाठवते, कारण तिथे सगळे इंचांत असते. पहिला सराव साधा आहे. साबणाच्या वडीएवढा एक ठोकळा, त्याचा एक कोपरा पायरीसारखा कापलेला, आणि त्याची समोरून, वरून आणि उजव्या बाजूने दिसणारी अशी तीन दृश्ये काढायची. साबणाची वडीच सुरीने कापून मुलांच्या हातात दिलीत तर उत्तम.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. अमेरिकेत तिसऱ्या कोनाच्या प्रक्षेपाची पद्धत आहे, म्हणून वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या वर काढतात आणि उजव्या बाजूचे दृश्य उजवीकडे. आपल्याकडे पहिल्या कोनाची पद्धत आहे. तिच्यात वरचे दृश्य खाली येते आणि उजवीकडचे डावीकडे. मुलीचे पहिले शीट पाहिले तेव्हा तिने दृश्ये चुकीच्या जागी काढली आहेत, असे मी तिला ठामपणे सांगितले होते आणि तिने तितक्याच ठामपणे नाही म्हटले. मग आम्ही दोघींनी काचेचा एक रिकामा डबा घेतला, त्यात ठोकळा ठेवला, डब्याच्या बाजूंवर स्केचपेनने दिसेल तसे काढले आणि त्या बाजू मनातल्या मनात उलगडून पाहिल्या. तेव्हा मला तिची पद्धत समजली आणि तिला माझी. तुम्ही मुलांना आपलीच पद्धत शिकवा. मी पाठवीन त्या शीटवर दृश्यांच्या जागा बदलून देते, आणि काचेचा डबा मिळाला तर तोही वर्गात न्या.